मुलांसह इटलीचा आगगाडी-प्रवास

मुलांना घेऊन इटलीला जायचं, रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तीन शहरं पाहायची, आणि एका शहरातून दुसऱ्या शहराला आगगाडीनं जायचं, असा बेत हल्ली कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांत होऊ लागला आहे. कुणाचा भाऊ तिकडे नोकरीला असतो, कुणी पै-पै करून पैसे साठवलेले असतात. प्रवासी कंपनीच्या बसमध्ये बसून आठ दिवसांत आठ गावं पालथी घालण्यापेक्षा आपण आपलं सावकाश जावं, पोरांच्या कलानं हिंडावं, असं वाटणं अगदी साहजिक आहे. शिवाय कोल्हापूरकराला फ्लॉरेन्सला जायला आणखीही एक कारण आहे. ते पुढे ओघानं येईलच.

बेत आखताना आपली पहिली चूक होते ती अशी, की आपण आपल्या आगगाडीच्या अनुभवावरून तिकडचा हिशेब करतो. आपल्याकडे प्रवास म्हणजे गाडीत बसल्यावर सुरू होणारी गोष्ट. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये रात्री चढावं, डबे उघडावेत, पोरांना वरच्या बर्थवर चढू द्यावं, अंथरुणं घालावीत, आणि सकाळी मुंबई. दिवसा कोयनेनं गेलात तर पुण्यापर्यंतच सात-आठ तास. या काळात मुलं खातात, झोपतात, भांडतात, शेजारच्यांशी ओळख काढतात. गाडी हे तात्पुरतं घरच असतं. आता इटलीत पाहा. रोम ते फ्लॉरेन्स हे अंतर आपल्या कोल्हापूर-पुणे अंतराहून थोडंसंच कमी आहे. पण ताशी ३०० किलोमीटरपर्यंत वेग घेणारी तिथली जलद गाडी ते साधारण दीड तासात तोडते. फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तासांच्या आसपास. रोम ते नेपल्स तर तासाभराहून थोडं जास्त. पोरगं जागेवर बसून बूट काढतंय तोवर उतरायची वेळ येते!

म्हणजे तिकडे गाडीतला वेळ हा त्रासाचा नाहीच. त्रास आहे तो चढण्याआधीच्या तासात आणि उतरल्यानंतरच्या तासात. सामान आवरणं, खोली सोडणं, स्टेशन गाठणं, फलाट शोधणं, नेमका डबा शोधणं, आणि पलीकडे पुन्हा हेच सारं उलट्या क्रमानं. मोठ्या माणसाला हे सहज जमतं. चार वर्षांच्या आणि नऊ वर्षांच्या मुलाला सांभाळत करायचं म्हटलं की अर्धा दिवस जातो. तेव्हा नकाशावर अंतरं मोजू नका. बिऱ्हाड किती वेळा हलवायचं आहे ते मोजा. दहा-अकरा दिवसांत दोनदा हलवलं तर ठीक. तीनदा म्हणजे जरा जास्तच. चौथ्यांदा हलवलं तर इटलीची आठवण म्हणून मुलांच्या डोक्यात फक्त पेट्या राहतील.

यावर उपाय सोपा आहे. रोमला चार रात्री, फ्लॉरेन्सला चार, व्हेनिसला दोन किंवा तीन. विमानाची तिकिटं रोमला उतरून व्हेनिसहून परतीची अशी काढली तर उलटा हेलपाटा वाचतो. बाकीची गावं मुक्कामाच्या शहरातून सकाळी जाऊन संध्याकाळी परत अशी पाहावीत. फ्लॉरेन्सहून पिसा साध्या गाडीनं तासाभरावर आहे. कललेला मनोरा पाहून मुलं खूष होतात आणि पेटी खोलीवरच राहते. रोमहून नेपल्सलाही असंच जाता येईल. मुलांना आगगाडीचं वेड असेल तर नेपल्सजवळच्या पिएत्रार्सा इथलं रेल्वे-संग्रहालय चुकवू नये. इटलीतली पहिली आगगाडी १८३९ साली नेपल्स ते पोर्तिची धावली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या चौदा वर्षं आधी. त्याच मार्गावर, समुद्राकाठी, जुन्या इंजिन-कारखान्यात हे संग्रहालय आहे.

विमानातून उतरल्या दिवशी पुढची गाडी धरू नका. विमान उशिरा आलं, पेटी मिळायला वेळ लागला, की स्वस्तातलं न बदलणारं तिकीट गेलंच. शिवाय इटलीचं घड्याळ आपल्या मागे चालतं, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. पहिले दोन-तीन दिवस मुलं पहाटेच टक्क जागी होतात आणि संध्याकाळी सातला ताटावर पेंगतात. त्याला इलाज नाही. उलट त्याचा फायदा घ्यावा. रोमच्या चौकांत गर्दी व्हायच्या आत, गार हवेत फिरून यावं.

आता तिकिटांचं. इटलीत लांब पल्ल्याच्या जलद गाड्या चालवणाऱ्या दोन कंपन्या आहेत. एक सरकारी त्रेनइतालिया आणि दुसरी खाजगी इतालो, ही २०१२ पासूनची. दोघींच्या गाड्या त्याच शहरांमधून धावतात, तेव्हा दोन्हीकडचे दर पाहावेत. एकीचं तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही, एवढं मात्र लक्षात असू द्या. जलद गाडीचं तिकीट काही महिने आधी काढलं तर पुष्कळ स्वस्त पडतं. आयत्या वेळी तेच दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. पण सर्वांत स्वस्त तिकीट बहुधा बदलता येत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. पोरं बरोबर असताना हा जुगार कितपत खेळायचा, ते ज्यानं त्यानं ठरवावं. माझं मत विचाराल तर शहर बदलायच्या दोन दिवसांची तिकिटं आधी काढून ठेवावीत, आणि तीही बदल करता येईल अशा मधल्या दराची. बाकी काही आधी काढू नये.

मुलांचं भाडं आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीनं आकारतात. आपल्याकडे पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं द्यावं लागतं. त्रेनइतालियाच्या जलद गाड्यांत चार वर्षांखालचं मूल मांडीवर घेतलं तर फुकट, आणि चार ते पंधराच्या आतल्या मुलाला मूळ दराच्या निम्मं भाडं. मोठ्यांबरोबर मुलं फुकट अशीही कुटुंबांसाठी सवलत असते, पण तिथे मोठ्या माणसाला मूळ दरानं, म्हणजे महागातलं तिकीट घ्यावं लागतं. म्हणून नुसता 'फुकट' हा शब्द वाचून हुरळून जाऊ नये. चौघांची एकूण बेरीज दोन्ही तऱ्हांनी करून पाहावी. कधी कधी सगळ्यांची स्वस्त तिकिटंच कमी पैशांत बसतात. जागा निवडताना समोरासमोरच्या चार आणि मध्ये टेबल अशा घ्याव्यात, म्हणजे चित्रांची वही आणि पत्ते दोन्हींची सोय होते. डब्याचा काही भाग शांततेसाठी राखलेला असतो, तिथली तिकिटं चुकूनसुद्धा काढू नका.

पिसाला जाणाऱ्या साध्या गाड्यांचं, म्हणजे त्यांच्या 'रेजिओनाले'चं, भाडं ठरलेलं असतं. ते आधी काढून काही वाचत नाही आणि जागाही राखून मिळत नाही. पण इथे एक खोच आहे, आणि पुष्कळ प्रवासी नेमके तिथेच फसतात. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. तिकीट मोबाईलवर असेल तर चढण्यापूर्वी मोबाईलवरच तशी नोंद करावी लागते. खिशात तिकीट आहे पण शिक्का नाही, म्हणजे दंड. 'आम्ही परदेशी, आम्हांला ठाऊक नव्हतं' हे तिकडचा तिकीट-तपासनीस रोज ऐकतो.

स्टेशनावर जाल तेव्हा पहिली गोष्ट लक्षात घ्या, की पाट्यांवर फ्लॉरेन्स कुठेही लिहिलेलं नसतं. तिथे 'फिरेन्झे' असतं. व्हेनिस म्हणजे 'वेनेत्सिया', नेपल्स म्हणजे 'नापोली'. मुलांना ही नावं घरूनच पाठ करून न्या. पाट्या वाचायचं काम त्यांच्याकडे दिलं की ती आनंदानं करतात आणि शिवाय हाताशी राहतात. 'पार्तेन्झे' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'अर्रिवी' म्हणजे येणाऱ्या, 'बिनारियो' म्हणजे फलाट. छापील वेळापत्रकात सुटणाऱ्या गाड्यांचा कागद पिवळा आणि येणाऱ्यांचा पांढरा असतो, हेही मुलांना सांगून ठेवावं.

दुसरी गोष्ट. फ्लॉरेन्सला जाणारी तुमची गाडी फलकावर 'मिलानो' किंवा 'वेनेत्सिया' या नावाखाली असेल, कारण फलकावर शेवटचं स्टेशन लिहितात. मिरजेला उभं राहून पुण्याला जाणाऱ्यानं 'गोंदिया' पाटीची गाडी पकडायची असते, तसाच हा प्रकार. म्हणून गावाचं नाव शोधत बसू नये, तिकिटावरचा गाडीचा नंबर शोधावा. मोठ्या स्टेशनांत फलाटाचा नंबर गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी फलकावर येतो. तो आला की सगळी गर्दी एकदम हलते. त्या क्षणी एक मूल पाणी पिताहे आणि दुसरं खाली बसलंय, असं होता कामा नये. गाडीचे दरवाजे सुटण्याच्या एक-दोन मिनिटं आधीच बंद होतात. धावत्या गाडीच्या दांड्याला लोंबकळून चढणं हा प्रकारच नाही. ते एका परीनं चांगलंच म्हणायचं. पण याचा अर्थ असा, की कुटुंबातले दोघे आत आणि दोघे बाहेर राहिले तर पुढचं स्टेशन तासाभरानं येतं.

म्हणून चढण्या-उतरण्याचा क्रम घरीच ठरवून टाकावा. आधी एक मोठं माणूस चढेल, मग मुलं, मग पेट्या आणि सर्वांत शेवटी दुसरं मोठं माणूस. उतरताना एक मोठं माणूस पहिलं, मग मुलं, मग सामान, आणि मागे काही राहिलं नाही ना हे पाहत दुसरं मोठं माणूस शेवटी. मधल्या स्टेशनात खाली उतरायचंच नाही. मिरजेला बाटली भरून घ्यायला उतरण्याची आपली जुनी सवय आहे, ती तिथे अजिबात चालणार नाही. मुलांना दोनच वाक्यं सांगावीत. आम्ही दिसलो नाही तर जिथे आहेस तिथेच उभा राहा. आणि गाडीत एकटा राहिलास तर गणवेशातल्या माणसाला चिठ्ठी दाखव. ही चिठ्ठी प्रत्येक मुलाच्या खिशात हवी. तिच्यावर नाव, आईवडिलांचे मोबाईल नंबर आणि मुक्कामाचा पत्ता, सगळं रोमन लिपीत. स्टेशनांत रेल्वे-पोलीस असतात. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा नंबर आहे, आणि हरवलेल्या मुलांसाठी ११६००० हा खास नंबर युरोपातल्या पुष्कळ देशांप्रमाणे इटलीतही चालतो. रोमच्या तेर्मिनी स्टेशनात तिकिटाच्या यंत्राशी कुणी आपण होऊन मदत करू लागला तर हसून नको म्हणावं आणि पिशवी पुढे घ्यावी.

हमालावर भिस्त ठेवता येत नाही. जेवढं उचलता येईल तेवढंच न्यायचं, आणि 'उचलता येईल' याचा अर्थ एका हातानं. दुसऱ्या हातात मूल असतं. चौघांना दोन पेट्या आणि दोन पाठपिशव्या पुरतात. कपडे धुण्याची सोय असलेली खोली घेतली की निम्मं ओझं कमी झालं. बाबागाडी घडी होणारी आणि हलकी असावी. व्हेनिसमध्ये पावलागणिक पूल आहेत आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. तिथे जड बाबागाडी म्हणजे जन्माची अद्दल. खोली दुपारी दोन-तीनच्या आधी सहसा मिळत नाही आणि सकाळी दहा-अकराला सोडावी लागते. मधल्या वेळी सामान स्टेशनावर पैसे देऊन ठेवता येतं. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, तिन्हीकडे ही सोय आहे. स्टेशनातल्या स्वच्छतागृहांत बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात, तेव्हा सुटी नाणी जवळ असू द्यावीत. गाडीतली सोय फुकट असते, हे मुलांच्या आयांना वेगळं सांगायला नको!

गाडी तरी कोणती घ्यावी? सकाळी दहा-अकराची. न्याहारी करून, न धावता स्टेशनावर जाता येतं आणि जेवायला पुढच्या गावी. पहाटेची गाडी स्वस्त दिसते खरी, पण त्या वाचलेल्या पैशांची भरपाई मुलं दिवसभर किरकिरून करतात. गाडी कुठे थांबते हेही पाहावं. फ्लॉरेन्सचं मुख्य स्टेशन सांता मारिया नोव्हेल्ला. काही गाड्या तिथे न जाता काम्पो दि मार्ते किंवा रिफ्रेदी या बाजूच्या स्टेशनांत थांबतात. व्हेनिसला जाताना आधी 'मेस्त्रे' लागतं. ते खाडीच्या अलीकडे, जमिनीवरचं. खरं व्हेनिस म्हणजे पुढचं 'सांता लुचिया'. या दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी १८४६ साली बांधलेल्या पुलावरून समुद्राच्या पाण्यातून जाते. तेवढा वेळ मुलांना खिडकीशी बसवा. स्टेशनाबाहेर पडलं की समोर रस्ताच नाही, पाणी! हा चमत्कार त्यांना आधी सांगू नये.

याच्या उलट बोलोन्या ते फ्लॉरेन्स हा टप्पा. ७८ किलोमीटरांपैकी सुमारे ७३ किलोमीटर बोगद्यांत. २००९ साली हा मार्ग खुला झाला. आपल्या खंडाळ्याच्या घाटात बोगदा आला की मुलं ओरडतात आणि बोगदा संपला की धबधबा दिसतो. इथे बोगदा संपतच नाही, बाहेर काही दिसत नाही आणि कानांना दडे बसतात. खाऊचा डबा उघडायची हीच वेळ.

खाऊवरून आठवलं. युरोपात बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. तेव्हा साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचं तूप इथेच ठेवावं. भडंग, शेंगदाण्याची चटणी, कोरड्या दशम्या (फक्त दूध न घालता केलेल्या), चिवडा, गूळ हे खुशाल न्यावं. तिथली जेवणघरं संध्याकाळी सात-साडेसातच्या आधी चूल पेटवत नाहीत आणि मुलांना भूक लागते पाचला; त्या दोन तासांत भडंगच कामाला येते. तिखट न खाणाऱ्या मुलाला नुसतं तेल लावलेला पास्ता मागवावा, त्याला 'पास्ता इन ब्यांको' म्हणतात. टोमॅटोचा हवा असेल तर 'पोमोदोरो' म्हणावं. कडक शाकाहारी असाल तर पार्मेझान चीज करताना वासराच्या जठरातलं विरजण वापरतात हे ध्यानात ठेवा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, आणि रोममध्ये तर रस्तोरस्ती वाहत्या तोट्या आहेत. बाटल्या तिथेच भराव्यात.

केव्हा जावं? शाळांच्या सुट्टीमुळे आपल्याला एप्रिल-मे सोयीचा. पण २५ एप्रिल आणि १ मे हे तिकडचे सुट्टीचे दिवस, आणि ईस्टरही याच सुमारास येतो. त्या दिवसांत गाड्या भरून जातात. जून-जुलैत ऊन तापतं. दिवाळीची सुट्टी बरी, गर्दी कमी असते. मात्र त्या दिवसांत व्हेनिसला भरतीचं पाणी कधी कधी चौकांत चढतं. व्हिसासाठी अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. सहा वर्षांखालच्या मुलाला त्याची फी नाही, आणि बारा वर्षांखालच्यांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. आईवडिलांपैकी एकच जण बरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं. ते आधी करून घ्यावं. आणि एक इटालियन शब्द पाठ करावा: 'शोपेरो', म्हणजे संप. रेल्वेचे संप तिकडे अधूनमधून होतात, पण आधी जाहीर करून. अशा दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत साध्या गाड्या चालू ठेवतात. जाण्यापूर्वी आठ दिवस तारखा पाहून घेतल्या म्हणजे झालं.

आता फ्लॉरेन्सचं ते कारण. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे दुसरे राजाराम, १८७० साली युरोपला गेले. विशीतले तरुण राजे. इंग्लंड पाहिलं, रोज रोजनिशी लिहिली. ती पुढे १८७२ साली लंडनला छापली गेली. परतीच्या वाटेवर इटलीत प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. त्या शहरात हिंदू पद्धतीनं दहन म्हणजे अपूर्व गोष्ट. पण परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर अग्निसंस्कार झाला. त्या जागी १८७४ साली स्मारक उभं राहिलं. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, रंगीत, फेटा आणि अलंकारांसह. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी आपला कोल्हापूरचा नवा राजवाडा रेखला तेच हे. जवळच पुढे मोठा पूल बांधला, त्यालाही गावानं 'पोन्ते आल्'इन्दियानो', म्हणजे हिंदी माणसाचा पूल, असंच नाव दिलं आहे.

हे स्मारक कास्चिने नावाच्या उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे. स्टेशनापासून ट्राम उद्यानाच्या पूर्वेकडच्या तोंडाशी नेते. तिथून पुढे झाडांतून सुमारे तीन किलोमीटर चाल. मोठी मुलं पळतात, लहान बाबागाडीत झोपतं. कुणाचे पाय दुखत असतील तर सरळ टॅक्सी करावी. मंगळवारी सकाळी उद्यानात मोठा बाजार भरतो. तो टाळायचा की पाहायचा ते तुम्ही ठरवा. जाण्यापूर्वी मुलांना एकदा नवा राजवाडा नीट दाखवून आणा आणि प्रयाग चिखलीचा संगमही; म्हणजे तिथे पोचल्यावर फार सांगावं लागणार नाही. ऊन चढायच्या आत निघावं, पाणी आणि खाऊ बरोबर ठेवावा, आणि त्या दिवशी दुसरं काही पाहायचं ठेवू नये.